प्रसाद घेऊन दिलेले रक्त

लग्न झाले त्या वर्षी पत्नीने माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली होती. एकदा बदरी-केदारला नेऊन आणा, एवढेच. तिचे वडील तरुणपणी ती यात्रा करून आले होते आणि तिकडून गंगाजलाने भरून आणलेला तांब्याचा गडू त्यांनी लेकीच्या ओटीत घातला होता. तो गडू आमच्या देवघरात आला, तेव्हा मी पनवेलच्या एका शाळेत संस्कृत शिकवत होतो. मी तिला मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "येत्या उन्हाळ्याच्या सुटीत जाऊ."

त्यानंतर त्रेचाळीस उन्हाळ्याच्या सुट्या आल्या आणि गेल्या. कधी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कधी आईचे आजारपण, कधी मुलांची दहावी-बारावी. तिने मला बोलून कधी आठवण करून दिली नाही. दर शुक्रवारी चिंचेने तो गडू लख्ख घासायची आणि माझ्या जपाच्या आसनासमोर, माझ्या नजरेच्या अगदी रेषेत, आणून ठेवायची. ह्यापेक्षा स्पष्ट स्मरणपत्र मला कोणत्याही कार्यालयाने धाडलेले नाही.

या वर्षी अखेर योग आला. ज्येष्ठाच्या आरंभी निघणाऱ्या एका यात्रा कंपनीत आम्ही दोन जागा धरल्या, आणि आमच्यामुळे खालच्या मजल्यावरच्या शेठनी तिसरी धरली. शेठ मूळचे जवळच्याच गव्हाण गावचे. त्यांच्या वाडवडिलांची भातशेती होती, मिठागर होते. आता त्या बाजूची जमीनच ओळखू येत नाही, इतके तिचे रूप पालटले आहे. त्यांच्या घरी बुधवार-शुक्रवार-रविवार मासळी शिजते आणि तिचा सुवास जिन्यातून आमच्या दारापर्यंत येतो. पत्नी त्याला "भाऊजींचा निरोप" म्हणते. आमच्या घरी कांदा-लसूणही नाही. तरीही गेली अकरा वर्षे सकाळचे वर्तमानपत्र आम्ही दोघे एकाच बाकावर बसून वाचतो, आधी ते आणि मग मी, कारण त्यांना बातम्या मोठ्याने वाचण्याची सवय आहे.

यात्रा कंपनीची एक अट होती. साठीपुढच्या प्रत्येकाने रक्त तपासून घ्यावे आणि उंचावरच्या प्रवासास हरकत नसल्याचे डॉक्टरांचे पत्र द्यावे. ते नसेल तर गाडीत जागा नाही. मी त्र्याहत्तर वर्षांचा, पत्नी सदुसष्ट, शेठ आमच्या दोघांच्या मधले.

"मला कशाला तपासणी?" पत्नी म्हणाली. "महिन्यातून चार उपवास करते. वजनकाटा माझ्याखाली हलतसुद्धा नाही. हृदयाचे दुखणे पुरुषांचे. तुमचे तेवढे नीट येऊ दे म्हणजे झाले."

मलाही मनातून तसेच वाटत होते. मात्र स्वतःविषयीही मी निःशंक होतो. जन्मभर सात्त्विक अन्न, वेळेवर झोप, ब्राह्ममुहूर्ती उठणे. माझे रक्त तपासणाऱ्यालाही त्या निमित्ताने काही पुण्य लागेल, अशी माझी जवळजवळ श्रद्धा होती.

चैत्री पौर्णिमेला संध्याकाळी यात्रेचा संकल्प म्हणून आम्ही सत्यनारायणाची पूजा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला रक्त घ्यायला प्रयोगशाळेतली मुलगी घरी येणार होती. रात्री आठनंतर पाण्याखेरीज काही घेऊ नका, असे तिने दूरध्वनीवर बजावले होते. म्हणून पूजा लवकर आटोपून आम्ही तिघांनी पावणेआठलाच पाने वाढून घेतली.

शेठ शिऱ्याचा घास घेताना म्हणाले, "गुरुजी, तुमी तूपवाले, आमी बोंबीलवाले. परवा बघू कोनाचा कागद चांगला येतो तो."

"शेठ, ही स्पर्धा नव्हे."

"हरनारा मानूस तसाच बोलतो. वयनी, तुमी साक्षीला हाय."

"मी साक्षीला नाही, पंच आहे," पत्नी म्हणाली. "हरेल त्याने महिनाभर माझी भाजी निवडायची."

पहाटे पाचला स्नान करून मी उत्तरपूजेला बसलो. सत्यनारायणाची मांडणी रात्रभर ठेवून सकाळी देवतांना निरोप द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी मी चहा घेतला नाही. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण पन्नास वर्षे पहाटेचा पहिला चहा घेणाऱ्या माणसाने तो नाकारणे म्हणजे काय, हे जाणते जाणतील. चहाच्या आधणाची आठवणही येऊ नये म्हणून मी गॅसकडे पाठ करून बसलो होतो. वैद्यकशास्त्राने सांगितलेले व्रत आपण किती निष्ठेने पाळत आहोत, या विचाराने मला समाधान वाटत होते.

उत्तरपूजा झाली. मी नेहमीप्रमाणे तीन वेळा तीर्थ घेतले. पंचामृत वाटीभर उरले होते, ते घेतले. शिऱ्याचे पातेले पाहिले, तर त्यात प्रसाद उरला होता. सव्वा मापाचा शिरा, सव्वा मापाचेच तूप, तितकीच साखर, वर केळी. प्रसाद टाकायचा नसतो, शिळा करून ठेवायचा नसतो, आणि त्या वेळी त्याला घेणारा दुसरा कोणी जागा नव्हता. तेवढ्यात पत्नी उठली; तिने चिमूटभर हातावर घेतला आणि डोळ्यांना लावून तोंडात टाकला. उरलेल्या दोन वाट्या मी आसनावर बसून, नामस्मरण करत, शांतपणे संपवल्या आणि बोटे चाटून पातेलेही स्वच्छ केले.

त्या क्षणी माझ्या मनाला काडीइतकाही संशय शिवला नाही. कारण आमच्या संस्कारात प्रसाद हे खाणे नव्हेच. भूक लागली म्हणून माणूस जेवतो. प्रसाद भुकेसाठी नसतो. व्रताला बाध न आणणाऱ्या गोष्टी शास्त्राने मोजून दिल्या आहेत आणि देवाला अर्पण केलेले हविष्य त्यांत येते, हे मी शाळकरी वयापासून पाठ म्हणत आलो आहे.

साडेआठला मुलगी आली. पाठीवर पिशवी, हातात मोबाइल, बोलण्यात नम्रता. शेठही वर आले होते, म्हणजे तिला एकाच ठिकाणी तिघांचे रक्त मिळावे.

"आजोबा, रात्री आठनंतर काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"नाही," मी निर्मळ अंतःकरणाने सांगितले. "चहासुद्धा नाही."

पत्नी तेव्हा तुळशीला पाणी घालायला गॅलरीत होती. ती त्या वेळी खोलीत असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठ धापा न टाकता, पण जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर आले. अहवाल त्यांच्या मोबाइलवर आले होते आणि खालच्या दुकानातून त्यांनी ते छापूनही आणले होते.

"गुरुजी, आधी बसा. पानी प्या."

"काय झाले?"

"माझा समदा बराबर. एक पन जाड काला अक्षर नाय." त्यांनी स्वतःचा कागद झेंड्यासारखा धरला. "तुमच्या कागदावर मात्र बानच बान हायत. समदे वर तोंड करून. दिवालीचे जसे!"

मी चष्मा लावला. ट्रायग्लिसराइड नावाच्या ओळीतला आकडा ठळक होता आणि मर्यादेच्या किती पुढे होता, ते सांगायला मला आजही संकोच वाटतो. त्याच्या खालच्या एलडीएलच्या ओळीत तर आकडाच नव्हता. वरचा आकडा फार मोठा असल्याने हिशेब करता येत नाही, अशी टीप होती. मी जन्मात कधी नापास झालो नव्हतो.

"मासळी खाल्ली असती तर वाचलो असतो का, शेठ?" मी खिन्नपणे विचारले.

"आता उशीर झाला. आता भाजी निवडा." मग माझा चेहरा पाहून ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, पत्र नाय देनार का ओ डॉक्टर?"

तेवढ्यात पत्नी पाण्याचे पेले घेऊन आली. तिने आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिले, पेले ठेवले, आणि देवघरात जाऊन गडू हातात घेऊन पुसू लागली. तो दिवस शुक्रवार नव्हता.

डॉक्टरीणबाई माझी विद्यार्थिनी. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसणारी, सुभाषित म्हणताना डोळे मिटणारी मुलगी. आता तिचा स्वतःचा दवाखाना आहे. आम्ही तिघे आत गेलो, तशी ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"बसा, डॉक्टर," मी म्हणालो.

"सर, मला 'बसा' म्हणालात तर मी उभीच राहीन. 'बस' म्हणा."

तिने माझा कागद पाहिला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. छातीत दुखते का, जिना चढताना दम लागतो का, साखर कधी वाढली होती का, घरात कोणाला हृदयविकार, प्रश्नामागून प्रश्न. मी सगळ्यांना नाही म्हणत गेलो. तिने हृदयाच्या ठोक्यांची, ईसीजीची पट्टी काढली. पट्टी निर्दोष होती. ती पुन्हा कागदाकडे पाहू लागली.

"सर, हा आकडा असताना मी तुम्हांला केदारच्या उंचीवर जायचं पत्र नाही देऊ शकत. पण तुमच्याकडे पाहून हा आकडा पटतच नाही. रक्त उपाशीपोटीच दिलं होतंत ना?"

"अर्थात. चहाचा घोटही नाही."

"आणि शिरा?" पत्नी म्हणाली.

"शिरा कुठला?"

"सकाळी पातेलं पुसून खाल्लात तो! मला वाटलं, त्या मुलीला तुम्ही सांगितलं असेल."

"तो शिरा नव्हता," मी म्हणालो. "तो प्रसाद होता."

डॉक्टरीणबाईने दोन्ही हात तोंडावर धरले. तिसऱ्या बाकावर असताना धरत असे, अगदी तसेच. शेठ मात्र उघड हसत सुटले आणि त्यांना ठसका लागला.

"किती प्रसाद, सर?"

"दोन वाट्या. शिवाय पंचामृत. वाटीभर."

"किती वाजता?"

"साडेपाच."

"आणि रक्त साडेआठला. म्हणजे तूप-साखर रक्तात ऐन भरात असताना." ती डोळे पुसत म्हणाली, "सर, देवाला तुमची भक्ती पोचली असेल. पण काचेच्या नळीला ती कळत नाही हो. तिला फक्त तूप कळतं."

मला हसू आले, पण त्याच्या आत एक टोचणीही होती. सत्य बोलण्याचे व्रत मी जन्मभर सांभाळले आणि त्या मुलीला मात्र खोटे सांगून बसलो. ते अजाणतेपणी झाले, हे खरे. परंतु शास्त्र कुठे लावायचे हे न कळणे, हेही अज्ञानच. "माझे चुकले," मी म्हणालो. "माझे रक्त पुन्हा घ्या."

"घेऊच. काळजी करू नका, बहुतेक उतरलेलं असेल." ती अजून हसत होती. हसत हसतच तिने पत्नीचा कागद उचलला आणि तिचे हसू हळूहळू मावळले.

आम्ही तो कागद धड पाहिलाच नव्हता. माझ्या बाणांच्या आतषबाजीत पत्नीच्या कागदावरचा एकच बाण कोणाच्या नजरेस आला नव्हता. मी एवढा शिकलेला, पण ज्या बाईच्या यात्रेसाठी हे सारे चालले होते, तिचेच पान मी उलटले नव्हते.

"काकू, तुमचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, बरंच वाढलेलं आहे."

"माझं?" पत्नी म्हणाली. "ह्यांचा कागद असेल. नीट बघ. मी तर चिमूटभरच प्रसाद घेतला होता."

"चिमटीनं हे होत नाही. हा आकडा जेवणानं फारसा हलतही नाही. तुमचे वडील कशानं गेले?"

"छातीत कळ आली होती," ती म्हणाली. "साठीही गाठली नव्हती त्यांनी."

डॉक्टरीणबाईने खुर्ची पुढे ओढली आणि पत्नीला समोर बसवून ती सावकाश सांगू लागली. कोलेस्टेरॉल सगळ्यांच्याच रक्तात असते, असावेच लागते; ते कोणते आणि किती, एवढाच प्रश्न. पुरुषांचे तरुणपणापासून चढत जाते आणि बहुधा साठीच्या आसपास थांबते, पुढे किंचित उतरतेही. बायकांना पाळी असेपर्यंत निसर्गाने जणू छत्री धरलेली असते; वाईट कमी, चांगले अधिक. पाळी गेली की ती छत्री मिटते आणि पुष्कळ बायका आपल्या वयाच्या पुरुषांना मागे टाकतात.

"म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्या पुढे गेले," पत्नी म्हणाली, "ते ह्यात!"

"आणि बारीक माणसाचं वाढत नाही, हा समज काढून टाका. हे पुष्कळदा आई-वडिलांकडून येतं. तुमच्या वडिलांनी तुम्हांला काय काय दिलं, सांगता येत नाही."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मला ठाऊक होते, तिला गडू आठवला होता.

"पण ह्या छापलेल्या मर्यादेच्या ती फार पुढे दिसत नाही," मी कागदावर बोट ठेवून म्हणालो.

"सर, ह्या मर्यादा मुख्यतः दूरच्या देशांतल्या माणसांवरून बांधलेल्या. वंशानुसारही फरक पडतो. आफ्रिकी वंशाच्या माणसांत ट्रायग्लिसराइड बहुधा कमी असतात. आपल्या लोकांत, मग ती इथे असोत की परदेशात, चांगलं कोलेस्टेरॉल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त असण्याकडे कल. शिवाय आपल्याकडे हृदय लवकर दुखतं. म्हणून तोच आकडा आपल्याकडे जरा गंभीरपणे घ्यावा लागतो."

मला एकदम उलगडले. पंचांगात सूर्योदय एका ठरावीक गावचा छापलेला असतो. दुसऱ्या गावच्या माणसाने आपल्या स्थळाप्रमाणे मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची असतात. तसे न करता संध्या केली तर वेळ चुकते. मी हे बोलून दाखवले, तेव्हा ती विद्यार्थिनी आनंदून म्हणाली, "सर, आता मी सगळ्या रुग्णांना हेच सांगणार!"

"मंग मी कुठला?" शेठनी विचारले. "मी पन हितलाच ना? माझा बरा कसा आला?"

"काका, तुम्हीही इथलेच. कल म्हणजे नियम नव्हे. तुमचं घराणंच तसं असेल आणि रोज गावात चालता, त्याचाही गुण असेल. पण रक्तदाब बघू या." तिने पट्टा बांधला, फुगवला, पाहिला. "मीठ कमी करा."

"मिठागरात जल्मलेल्या मानसाला मीठ कमी करायला सांगता?"

"भाजी निवडायला या, भाऊजी," पत्नी म्हणाली. "दोघेही या."

पण बाहेर पडताना ती बोटांवर आठवडे मोजत होती. डॉक्टरीणबाईने तिला गोळी लिहून दिली होती, हृदयाची आणखी एक तपासणी सांगितली होती, रोज चालायला सांगितले होते. आणि स्पष्ट शब्दांत म्हटले होते की सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त पाहीन, तेव्हाच पत्राचे ठरवीन. निघण्याच्या तारखेला त्यानंतर जेमतेम दहा दिवस उरत होते. रिक्षात ती एकच वाक्य बोलली, "आपण नाही गेलो तरी चालेल हो, पण भाऊजींना जाऊ दे."

"नाही चालणार," मी म्हणालो. त्रेचाळीस वर्षांत मी तिला इतक्या ठामपणे काही सांगितले नव्हते.

हृदयाची तपासणी चार दिवसांत झाली आणि ती निर्मळ निघाली. मग आमचे तपाचरण सुरू झाले. पहाटे पूजा आटोपून आम्ही तिघे तलावावर चालायला जाऊ लागलो. शेठ पुढे, आम्ही मागे, ते वळून ओरडत, "वयनी, केदार अजून लांब हाय! गुरुजी, हात हलवा, जपमाल घरी ठेवा!" चालायला येणाऱ्या इतर मंडळींना आठवड्याभरात आमचा बेत कळला आणि फेरी पूर्ण झाली की अनोळखी माणसेही पत्नीला विचारू लागली, "काकू, कुठपर्यंत पोचलात?" ती सांगे, "हरिद्वार." पुढच्या आठवड्यात, "ऋषिकेश."

त्यात आंब्याचे दिवस. शेठच्या गावाकडे राहिलेल्या चार झाडांची पेटी दरवर्षीप्रमाणे आमच्या दारात आली. आमच्याकडे आमरसावर तूप घेण्याची पद्धत आहे, तिला या वर्षी मी स्वतः हात जोडून निरोप दिला. डॉक्टरीणबाईने माणशी रोज एकच फोड ठरवून दिली होती. पत्नी ती फोड इतक्या पातळ चकत्यांत कापायची, की खाताना आंब्याला शेवटच नाही असे वाटावे. मी हातसडीच्या तांदळाचा भात खाऊ लागलो. शेठनी पापड आणि सुकट सोडल्याचे जाहीर केले; मात्र शुक्रवारच्या निरोपात सुकटीचा वास ओळखून पत्नी एकदा खाली जाऊन त्यांना रंगेहाथ पकडून आली.

गोळी रात्रीच्या जेवणानंतरची. एकादशीच्या दिवशी मी पट्टी पाहिली, तर आदल्या एकादशीची एक गोळी अधिक उरलेली दिसली.

"हे काय?" मी विचारले.

"एकादशीला मी रात्री पोटात काही जाऊ देते का? तीस वर्षांचा नेम आहे. एका गोळीसाठी मोडू?"

मी तिच्याजवळ बसलो. "व्रताला ज्या गोष्टी बाध आणत नाहीत, त्यांत पाणी आहे, दूध आहे, हविष्य आहे, गुरूचे वचन आहे, आणि शेवटी औषधही आहे. हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. तुझी डॉक्टरीण माझी शिष्या असली, तरी ह्या बाबतीत ती आपली गुरू. म्हणजे वचनही आले आणि औषधही."

"ह्याच यादीनं तुम्हांला शिरा खाऊ घातला ना?"

"हो. यादी खरी होती, मी ती चुकीच्या दारी नेली. ती व्रतासाठी आहे, काचेच्या नळीसाठी नाही. आज मात्र व्रतच आहे."

तिने माझ्या हातातून पट्टी घेतली आणि म्हणाली, "पाणी द्या." देवासमोर बसून, डोळे मिटून, तिने ती गोळी घेतली. पुढच्या एकादशीला मला पट्टी पाहावी लागली नाही.

सहा आठवडे भरले. तपासणीच्या पहाटे मी पूजा केली, नैवेद्य दाखवला, आणि तीर्थाचे भांडे व प्रसादाची वाटी ताटाखाली झाकून ठेवून देवाला म्हणालो, दोन तास थांब. देवाने रागावल्याचे काही चिन्ह दाखवले नाही.

तीच मुलगी आली. "आजोबा, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

"रात्री पावणेआठनंतर दोन पेले पाणी," मी सांगितले. "तीर्थ घेतलेले नाही. प्रसाद झाकलेला आहे. पहाटे तुळशीचे एक पान तोंडात टाकले होते. मात्र लगेच आठवण झाली आणि मी ते काढले. मागच्या वेळी मी तुला खोटे सांगितले होते, ते अजाणता. तरी क्षमा कर."

मुलगी सुई हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिली. "आजोबा, पान चाललं असतं," ती म्हणाली. रक्त घेऊन झाल्यावर पत्नीने झाकलेली वाटी तिच्याच हातात दिली. पहिला प्रसाद त्या दिवशी तिला मिळाला.

कागद आला तेव्हा या वेळी मी पत्नीचा आधी वाचला. तिचा बाण नाहीसा झाला होता. माझा ट्रायग्लिसराइडचा आकडा रेषेच्या किंचित वर रेंगाळत होता, परंतु दोन वाट्या शिऱ्याच्या शिखरावरून तो पुष्कळ खाली उतरला होता, आणि एलडीएलच्या ओळीत आता रीतसर आकडा होता. शेठ म्हणाले, "बघा, वयनी पहिल्या आल्या. गुरुजी आता काठावर पास!"

डॉक्टरीणबाईने तिन्ही पत्रे स्वतःच्या हाताने लिहिली. गोळी चालू ठेवायची, वर हळूहळू चढायचे, दम लागला तर हट्ट न करता थांबायचे. पत्नीच्या हातात पत्र देताना ती वाकून नमस्कार करू लागली, तेव्हा पत्नीने तिला मध्येच धरले आणि पिशवीतून डबा काढला.

"शिरा आहे. तूप बेताचं घातलंय. पण तुझं रक्त तपासायचं नाही ना उद्या?"

"असेल तरी पुढे ढकलीन," ती म्हणाली आणि झाकण उघडून उभ्यानेच खाऊ लागली.

घरी आल्यावर मी तिन्ही पत्रे देवघरात ठेवली. गडू उजळून ठेवलेला होता. पत्नीने सामानाची पिशवी त्याच्या शेजारी आणून ठेवली होती; निघायला अजून नऊ दिवस होते. मी सवयीने हळद-कुंकवाच्या कोयरीकडे हात नेला.

"अहो, थांबा!" ती मागून ओरडली. "मूळ प्रत द्यायचीये कंपनीला. सहीवर कुंकू नको!"

दारातून शेठचा आवाज आला, "सही पुसली तर परत रगत काडतील, गुरुजी. मना नाय जमनार, आज रविवार हाय, मासलीचा वार."

मी बोट अलगद वळवले आणि कुंकू गडूला लावले.